भंगारात नाही, घाटात!

उंब्रजला सर्व्हिस रोडच्या पंपावर गाडी लावली, की नोझल धरणारा पोरगा पहिला प्रश्न टाकतो, "ताई, ही अजून चालती व्हय?" मी म्हणते, "चालत आली म्हणूनच पंपावर आहे ना!" मग दुसरा प्रश्न. तो ठरलेलाच. "अ‍ॅव्हरेज किती देती?"

मी खोटं बोलत नाही. गावातल्या गावात नऊ, हायवेला पाय आवरला तर तेरा. हे ऐकून त्याच्या तोंडावर जी दया येते, ती बघायला तरी एकदा आमच्याकडे या.

गाडी आहे फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स. पासिंग एमएच १२, साल २००४. रंग मूळचा लाल. आता टपावर उन्हानं गुलाबी झालाय. माझा जन्म २००५ चा. म्हणजे ही आमच्या घरातली माझी मोठी बहीणच, फक्त पेट्रोल पिणारी.

स्पोर्ट्स कार? ही?

स्पोर्ट्स कार म्हटलं, की डोळ्यांसमोर जमिनीला टेकलेली दोन दारांची गाडी येते. तशी गाडी आपल्याकडे बनलीच नाही असं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्सनं 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची, टप उघडणारी गाडी काढली होती. फायबरची बॉडी, आत रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. तुमच्यापैकी किती जणांनी ती रस्त्यावर बघितलीय? नाहीच ना! आपल्याकडे घरात एकच गाडी असते. तिच्यात आजी बसते, खताचं पोतं बसतं आणि लग्नाचा आहेरही बसतो. दोन सीटची गाडी घेऊन करायचं काय?

म्हणून आपल्या देशातल्या स्पोर्ट्स कार बहुतेक वेळा साध्या गाडीच्या वेशात आल्या. पॅलिओ त्यातलीच. २००१ मध्ये ती भारतात आली. बाहेरून बघितलं तर चार माणसांची, पाच दारांची घरगुती गाडी. पण १.६ च्या बॉनेटखाली १५९६ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं, ताकद १०० हॉर्सपॉवरच्या आसपास. त्या काळी घरोघरी असलेल्या मारुती ८०० ची ताकद ३७ होती. म्हणजे शेजाऱ्याच्या दावणीला एक बैल आणि आपल्याकडे जवळजवळ तीन!

जाहिरात करायला साक्षात सचिन तेंडुलकर होता. त्याच सुमारास, २००२ मध्ये, ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल सचिनला फेरारी ३६० मॉडेना भेट मिळाली आणि ती द्यायला मायकेल शूमाकर आला होता. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. त्या फेरारीच्या आयात करावरून पुढे केवढा गदारोळ झाला, ते पप्पांच्या पिढीला अजून आठवतं. सचिनला फेरारी आणि आपल्याला पॅलिओ, असा तो हिशेब होता. वाईट नव्हता.

मग घोडं अडलं कुठं?

सुरुवातीला पॅलिओ चांगली खपली. पण आपला बाजार तीन प्रश्न विचारतो. अ‍ॅव्हरेज किती? पार्ट गावात मिळतो का? विकताना किती येतील? तिन्ही पेपरात पॅलिओ १.६ एटीकेटी घेऊन बाहेर आली. इंजिन तहानलेलं, फियाटच्या सर्व्हिस सेंटरचं जाळं मारुतीइतकं दूरवर पसरलेलं नाही, आणि या दोन्हींमुळे सेकंडहँड बाजारात भाव पडलेला. ज्यांनी एकदा चालवली ते अजून आठवण काढतात. ज्यांनी नाही चालवली ते अ‍ॅव्हरेज विचारतात.

गंमत बघा. आपली पॅलिओ बनली कुर्ल्याच्या कारखान्यात. त्याच कारखान्यातून कधीकाळी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडायची, मुंबईची ती काळीपिवळी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात पानं भरून निरोप छापून आले. पॅलिओ गेली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे फियाट पुण्याजवळ रांजणगावला गेली आणि बीएस-सहा यायच्या आत फियाटनं इथं आपल्या नावाच्या गाड्या विकणंच थांबवलं.

पण तुमच्या घरी जुनी स्विफ्ट डिझेल असेल, तर तिचं १.३ लिटरचं इंजिन मूळचं फियाटचं, बरं का! म्हणजे ज्या कंपनीची गाडी नको होती, तिचं इंजिन अख्ख्या देशानं वापरलं. लेकाचा बाजार!

ऊसबिलाची गाडी

२०११ मध्ये पप्पा पुण्याला ट्रॅक्टरचा पार्ट आणायला गेले आणि गाडी घेऊन आले. कारखान्याचं बिल नुकतंच खात्यावर जमा झालं होतं. आई अजून म्हणते, "बिलाचं गंठण येणार हुतं, ही ब्याद आली." पहिल्या मालकानं ती दोन वर्षं विकायला काढली होती, कुणी हात लावेना. पप्पांनी एक चक्कर मारली आणि घासाघीस न करता पैसे मोजले. ते का, हे मला कळायला तेरा वर्षं लागली.

लहानपणी मला या गाडीची लाज वाटायची. मैत्रिणींच्या घरी स्विफ्ट, आय-ट्वेंटी आल्या. आमची मात्र दार लावताना 'धप्प' असा आवाज करायची. "तुमची तिजोरी आली गं," असं वर्गात चिडवायचे. आता तोच 'धप्प' आवाज मी मुद्दाम लोकांना ऐकवते.

अकरावीत एकदा कराडला क्लासला सोडताना पप्पांनी टोलनाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "ऐक. पुढनं डाव्या बाजूनं खडखड येती का?" मला काहीच ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "कान उघडा ठेव. लिंक रॉड गेलाय." संध्याकाळी आमच्या मिस्त्रीमामांनी गाडी जॅकवर घेतली, चाक हलवलं आणि खरंच लिंक रॉडच निघाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ही गाडी बोलते. आपल्याला भाषा येत नाही, एवढंच.

मग मी मिस्त्रीमामांच्या शेडवर जायला लागले. सुरुवातीला त्यांनी मला स्टूल दिलं आणि चहा मागवला, पाहुणीला देतात तसं. दोन-तीन रविवार तसेच गेले. चौथ्या रविवारी मी न विचारता चौदाचा पाना उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मागितला बाराचा होता. ते हसले आणि म्हणाले, "बरं, आता चुकायला लागलीस म्हंजी शिकशील." तेव्हापासून स्टूल बंद.

आज मी स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघते आणि इंजिन कसं जळतंय याचा अंदाज बांधते. एअर फिल्टर, ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरीचं टर्मिनल, एवढं माझं मी करते. नव्या गाड्यांत बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण, त्याखाली काय चाललंय ते देव आणि लॅपटॉपच जाणे. पॅलिओतही कॉम्प्युटर आहेच, पण ती तुम्हाला हात घालू देते.

पार्ट शोधणं ही तर वेगळीच शिकार. कधी नाना पेठेत, कधी कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या दुकानांत. जिथं ही जन्मली त्याच कुर्ल्यातून तिच्या मागच्या दाराची काच आली. एकदा साताऱ्यातल्या एका काकांनी फोन करून सांगितलं, की त्यांची पॅलिओ अपघातात गेली, हेडलाइट चांगली आहे, घेऊन जा. पैसे द्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे पोरी. ती तुझ्या गाडीत दिसंल, तेवढं बास." लोकप्रिय गाडीचा मालक असता, तर हे नातं जुळलं असतं का?

"अठ्ठावीस हजार, रोख!"

२०२४ मध्ये गाडीला वीस वर्षं झाली. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी पहिली पंधरा वर्षं असते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. बरेच जण म्हणतात, पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. तसं नाही. तो दिल्लीचा नियम. तिथं पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली होती. महाराष्ट्रात गाडी तपासणीत पास झाली, की चालवता येते. फक्त खिसा हलका होतो. २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. वर पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी आणि गाडी पास होण्यासाठी लागणारं काम.

मिस्त्रीमामांनी काढलेला आकडा बत्तीस हजारांचा होता. त्याच आठवड्यात भंगारवाला येऊन टायरला लाथ मारून गेला. "अठ्ठावीस हजार, रोख!" आई म्हणाली, "देऊन टाका. पोरीची फी भरायचीय." पप्पांचा गुडघा दुखायला लागला होता, क्लच दाबवत नव्हता. त्यांनी तर गाडी चालवणं सोडलंच होतं.

हिशेब सरळ होता. विकली तर अठ्ठावीस येणार, ठेवली तर बत्तीस जाणार. साठ हजारांचा फरक. शेतकऱ्याच्या घरात साठ हजार म्हणजे काय, ते सांगायला नको. रात्री जेवताना पप्पा म्हणाले, "दावणीचं म्हातारं जनावर बाजारात नेऊ ने. पण माझ्यानं आता हुत न्हाई. ठिवायची तर तुझ्या जबाबदारीवर. घरातनं एक रुपया मागायचा न्हाई."

मी दोन दिवस झोपले नाही. मग ठरवलं. दहावीच्या सात पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. जे काम स्वतः करता येईल ते स्वतः केलं, तेव्हा बत्तीसचा आकडा एकोणीसवर आला. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत गाडी शेडमध्ये आणि मी तिच्याखाली.

त्यात एक गंमत सापडली. गाडीत बसलं की पेट्रोलचा वास यायचा. बघितलं तर इंधनाचा रबरी पाइप घामेजलेला. मिस्त्रीमामा म्हणाले, "वय झालं त्याचं, आन् वरनं हे नवं पेट्रोल." आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, ते पाणी धरतं, आणि पेट्रोलपेक्षा त्यात ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणून अ‍ॅव्हरेजही थोडं उतरतं. आणि इथेनॉल येतं कुठून? उसातून! म्हणजे ज्या उसाच्या बिलावर ही गाडी घरात आली, तोच ऊस आता तिचे पाइप खातोय. आमच्या शिवारातला ऊस माझ्याच टाकीत शिरून माझ्याच खिशाला चावतोय. हसावं की रडावं? सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घातले आणि विषय संपवला.

फॉर्म २५ भरून, फी भरून गाडी कराडच्या आरटीओत उभी केली. इन्स्पेक्टर साहेबांनी दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले, चेसिस नंबर ताडून बघितला. शेवटी बॉनेट लावताना हळूच म्हणाले, "वन पॉइंट सिक्स का? जपा." बास. त्या दोन शब्दांनी बत्तीस हजार वसूल झाले.

भाऊबीज, हीटर आणि पप्पा

नोव्हेंबरात भाऊबीजेला पप्पांना चिपळूणला आत्याकडे जायचं होतं. मी म्हटलं, "एसटी नको, मी नेते." आई गप्प बसली. आमच्याकडे तो होकारच.

उंब्रजहून चरेगाव, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि पुढे कुंभार्ली घाट. हा रस्ता म्हणजे या गाडीसाठीच आखलाय असं वाटतं. पाटण सोडलं की डोंगर जवळ येतात, हवा गार होते, आणि स्टेअरिंग हातात जड-जड लागायला लागतं. खरं सांगते, काटा ऐंशीच्या पुढे गेला नाही. गरजच पडली नाही. मजा वेगात नसते, वळणात असते. वळणाआधी तिसरा गिअर, पाय हलका, चाक जिथं वळवू तिथंच नाक जातं, आणि वळण संपताना पेडल दाबलं की इंजिन खालून गुरगुरतं. गाडी रस्ता जसाच्या तसा तळहातावर आणून देते. खडी कुठं आहे, ओल कुठं आहे, सगळं कळतं. पप्पा बाजूला गप्प बसले होते, पण त्यांचा उजवा पाय माझ्याबरोबर ब्रेक दाबत होता. दुखणारा नव्हे, चांगला.

परतीला पोफळीपासून चढ लागला. पुढे ट्रकांची रांग, पहिला-दुसरा गिअर, रांगतच चाललो होतो. आणि टेम्परेचरचा काटा हलला. मधली रेघ ओलांडून वर. पूर्वीची मी असते तर रडले असते. मी काचा खाली केल्या आणि हीटर फुल्ल सोडला. हीटर इंजिनची उष्णता ओढून आत टाकतो, म्हणून काटा थोडा खाली येतो. आत भट्टी झाली. पप्पांच्या कपाळावर भाऊबीजेचं कुंकू ओघळलं. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या मनानं चाललंय न्हवं? मग चालू दे."

पुढच्या रुंद जागेला गाडी घेतली. चाकाला दगड लावला. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. गरम असताना ते उघडलं तर चेहरा भाजतो, हे मामांनी शंभरदा बजावलं होतं. फॅन फिरत नव्हता. फ्यूज काढून उजेडात धरला. तार तुटलेली. डॅशबोर्डच्या खणात जादा फ्यूज होताच. लावला, आणि फॅन घर्रकन फिरला. मिस्त्रीमामांनी नंतर बघितलं, तर फॅनची मोटर म्हातारी होऊन जादा करंट ओढत होती. ती बदलली.

पण त्या वळणावर फॅन फिरल्याचा आवाज आला, तेव्हा पप्पा कठड्याला टेकून दरीकडे बघत होते. वळून म्हणाले, "पुण्याला पहिल्यांदा चालवली तवा असंच वाटलं हुतं. कुणाला नको असंना का, मला कळलीया, बास." तेरा वर्षांनी मला त्या ऊसबिलाचा हिशेब मिळाला.

ठेवण्यातली मजा

मी काही जुन्या गाड्यांची आरती ओवाळत नाही. वीस वर्षांच्या गाडीचा धूर नव्या बीएस-सहा गाडीपेक्षा जास्तच. तिला एअरबॅग नाहीत, म्हणून माझा पट्टा कायम लावलेला आणि वेग कायम आवरलेला. रोज कॉलेजला मी एसटीनंच जाते. गाडी निघते रविवारी, सणाला आणि घाटाला. २०२९ मध्ये परत नूतनीकरण येईल, तेव्हा शुल्क १०,००० असेल, कारण २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला तेवढं लागतं. तेव्हा मी कमावती असेन किंवा परत शिकवण्या घेत असेन.

पण एक सांगते. आपल्या वयात सगळं 'रीसेल' बघून निवडायची सवय लागते. ब्रँच कुठली? जिला पॅकेज आहे ती. फोन कुठला? ज्याला भाव येतो तो. या गाडीला भावच नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत तो प्रश्नच संपला. उरलं ते फक्त एवढंच, की मला ती आवडते का आणि मी तिच्यासाठी हात काळे करायला तयार आहे का. असा मोकळा प्रश्न फार कमी वेळा मिळतो, राव.

परवा पंपावरच्या त्या पोरानं नोझल काढता काढता नवीनच काहीतरी विचारलं. "ताई, बॉनिट उघडून दावाल का?" मी गाडी बाजूला घेतली. मागची रिक्षा हॉर्न मारत होती. मारू दे!

जुनी 'हटके' गाडी घ्यायचीय? मग हे बघा

• आधी चांगला मिस्त्री शोधा, मग गाडी. उलटं केलं की पस्तावाल.

• आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का? पासिंग कधीपर्यंत आहे? बँकेचा बोजा उतरलाय का? २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागते.

• इंजिन थंड असताना चालू करून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे.

• दारांच्या खालच्या पट्ट्या आणि स्टेपनीखालचा खड्डा हातानं चाचपून बघा. गंज तिथंच लपतो.

• टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललाच नाही असं धरा आणि आधी तो बदला. चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचा इस्कोट.

• इंधनाचे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घाला. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर अधूनमधून फिरवा.

• गाडीच्या किमतीइतकेच पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवा. नसतील तर थांबा. अशा गाड्यांना गिऱ्हाईक कमीच असतं, ती कुठं पळून जात नाही.